वैजयंतीच्या नावाची नळी

रविवार, २ फेब्रुवारी २०२५. सकाळी ११.२०

आजपासून रोजनिशी. विषय एकच: युरिक ॲसिड. लक्ष्य: सहाच्या खाली. मुदत: ३१ ऑक्टोबर. औषधाविना.

पार्श्वभूमी, नोंद पूर्ण असावी म्हणून. वय छप्पन्न. मधुमेह चौदा वर्षे. गेल्या महिन्यात उजव्या पायाच्या अंगठ्याने असहकार पुकारला. चादरीचा स्पर्शही सहन होईना. घरातील व्यक्ती दोन: मी आणि वैजयंती. ऋता लग्नानंतर पुण्याला. वैजयंतीलाही मधुमेह आहे, अकरा वर्षे, पण तिची काही तक्रार नसते.

आज सोसायटीच्या क्लबहाऊसमध्ये मोफत आरोग्य शिबिर होते. दर फ्लॅटला दोन कुपने, एक नवऱ्याचे, एक बायकोचे. वैजयंती उपाशीपोटी, कुपन हातात धरून रांगेत माझ्यामागे उभी होती. तेवढ्यात मला एक उत्तम कल्पना सुचली. मी कॉमर्सचा पदवीधर आहे. कोणताही आकडा दोन ठिकाणांहून जुळल्याखेरीज मी स्वीकारत नाही. प्रयोगशाळा अचूक आहे की नाही, हे पाहायचे असेल तर एकच रक्त दोन नावांनी द्यावे. एक नळी माझ्या नावाची, दुसरी वैजयंतीच्या.

रक्त घेणाऱ्या अक्षताबाई चाळिशीच्या, अनुभवी वाटल्या. परंतु विचार संकुचित. म्हणाल्या, "सर, असं नाय करत. मॅडम उभ्या आहेत ना, त्यांचंच घेते." मी चार मिनिटांत मुद्दा स्पष्ट केला. मागून शेजारच्या जयमालावहिनी म्हणाल्या, "भाऊजी, रक्त देताय की भाषण?" लोक हसले. शेवटी वैजयंतीच म्हणाली, "घ्या हो, त्यांचंच घ्या दोनदा. नाहीतर संध्याकाळपर्यंत आपण इथेच. माझं पुढच्या वेळी." कुपन माझ्या हातात देऊन ती उपमा करायला वर गेली.

उपमा चांगला झाला होता. मीठ किंचित जास्त.

बुधवार, ५ फेब्रुवारी

अहवाल आले. माझ्या नावाने युरिक ॲसिड ८.६. तिच्या नावाने ८.४. क्रिएटिनिन (किडनीचा आकडा) दोन्हीकडे १.२. म्हणजे प्रयोगशाळेची चूक शून्य पूर्णांक दोन. त्यांना सविस्तर ईमेल लिहिला (दोन पाने).

माझा अहवाल निळ्या फाईलमध्ये लावला. दुसऱ्यावर वैजयंतीचे नाव असल्याने तो तिच्या पिवळ्या फाईलमध्ये. कागद ज्याच्या नावाचा, त्याच्या फाईलमध्ये. या नियमाला घरात अपवाद नाही.

शनिवार, ८ फेब्रुवारी

डॉ. शर्मिलांकडे. फॅमिली डॉक्टर म्हणून बऱ्या आहेत, बोलण्यात मात्र फार उपमा. म्हणाल्या, "विलासराव, अंगठा नुसती बेल वाजवतोय. दार किडनीचं आहे." मधुमेहात किडनी दमली की युरिक ॲसिड बाहेर टाकत नाही, ते साठते, आणि साठले की किडनीला आणखी त्रास. लघवीतून थोडे प्रथिनही जाते आहे. रोज एक गोळी लिहून दिली. दुखण्याच्या गोळ्या कायमच्या बंद. त्या किडनीला विषासारख्या, असे म्हणाल्या.

युरिक ॲसिडची गोळी तूर्त घेणार नाही. शिस्त हेच औषध. चिठ्ठी निळ्या फाईलमध्ये.

रविवार, ९ फेब्रुवारी

नियमावली तयार. फ्रिजवर लावली.

मटण, सुकट, कोलंबी, मांदेली बंद. डाळ अर्धी वाटी. पाणी तीन लिटर, मोजून. सकाळी ५.४५ ला उठून निसर्ग उद्यानात पाच किलोमीटर. आणि, ताटात उरलेले टाकायचे नाही, वैजयंती संपवेल.

वैजयंतीने सगळे वाचले. म्हणाली, "यात माझं नाव एकदाच आलंय, तेही खरकट्याला." मी म्हटले, ही व्यवस्था आहे, अपमान नव्हे. म्हणाली, "माहितीये हो," आणि माझ्या ताटातली उरलेली आमटी भातावर ओतून घेतली.

बुधवार, १२ फेब्रुवारी

दुखण्याच्या गोळ्यांची पाकिटे माझ्याकडे जवळजवळ भरलेली उरली होती. मला बंद आहेत. टाकून देणे मनाला पटेना. वैजयंतीचा गुडघा बरेच दिवस दुखतो. दुपारच्या जेवणानंतर रोज एक, संपली की त्याच नवी आणायच्या, अशी पद्धत लावून दिली. आजपासून तारीखवार नोंद ठेवतो.

संध्याकाळी म्हणाली, खूप बरं वाटतंय. एखादा विचार नीट केला की दोघांचे भले होते.

सोमवार, १७ फेब्रुवारी

उद्यान: चौथा दिवस. ३.२ किलोमीटर. उरलेले अंतर घरात, खोल्यांतून.

गुरुवार, २० फेब्रुवारी

उद्यान: गेलो नाही. बुटाची लेस जुनी झाली आहे. नवी आणल्याखेरीज चालणे अंगठ्याच्या दृष्टीने धोक्याचे.

गुरुवार, १३ मार्च. होळी

पुरणपोळी. गूळ युरिक ॲसिडला वाईट, असे नुकतेच वाचले होते. दोन खाल्ल्या. मग आणखी दोन, कारण पहिल्या दोन लहान होत्या. पाचवी अर्धी उरली. ती वैजयंतीने संपवली. तिला मी सांगितले, तुलाही गोड बंद आहे. म्हणाली, "टाकू का मग?" या प्रश्नाचे उत्तर नियमावलीत नव्हते.

लेस अजून आणलेली नाही.

रविवार, २० एप्रिल

जयमालावहिनींनी कोलंबीचे कालवण आणून दिले. शेजारधर्म. नमुन्यादाखल घेतले. पहिल्या नमुन्यावरून निष्कर्ष काढता येत नाही, म्हणून दुसरा. एकूण वाट्या: अडीच.

मंगळवार, २२ एप्रिल. सकाळी ६.४०

अंगठा. लाल, तापलेला, टोमॅटोसारखा. ऑफिसला रजा. रबाळ्याच्या आमच्या कंपनीत सगळ्या विभागांचे रेकॉर्ड मी सांभाळतो. अठ्ठावीस वर्षांत आजारपणाची ही तिसरी रजा.

वैजयंती पहाटेपासून बर्फाची पिशवी धरून पायाशी बसली होती. म्हणत होती, "लहान बाळासारखं जपावं लागतंय तुमच्या अंगठ्याला. बारसं करून टाकू या का?" मी हसलो नाही. परंतु विनोद बरा होता.

तिच्या अंगठीचा वळ बोटात खोल गेलेला दिसला. बर्फामुळे असावे. सांगितले, अंगठी काढून बस. तिने ओढून पाहिली. निघाली नाही.

रविवार, १८ मे

वैजयंतीला वाशीहून नव्या चपला आणल्या. जुन्या पायात शिरत नाहीत म्हणते. एक नंबर मोठ्या घ्याव्या लागल्या. हल्ली सगळ्याच कंपन्या माप आखूड करतात. दुकानदाराला तसे सुनावले. तो म्हणाला, "काका, चप्पल तीच हाय. ताईंचे पाय बगा की." उद्धट माणूस.

सकाळी तिचे डोळे सुजलेले असतात. नवीन एसीचा परिणाम. तापमान २४ वरून २६ केले.

पाणी: १.१ लिटर. (बाटली एक लिटरची आहे. उरलेला चहा.)

रविवार, १५ जून

आजचा दिवस नोंदवून ठेवण्यासारखा. वैजयंतीची उपाशीपोटी साखर: ८४. गेल्या आठवड्यात ९१, त्याआधी १०२. अकरा वर्षांत कधी शंभराच्या खाली आली नव्हती. औषध तेच, गोळ्या त्याच. बदल एकच: माझी नियमावली.

ऋताला फोन करून आकडे वाचून दाखवले. ती म्हणाली, "बाबा, पण आई थकलेली वाटते हो आवाजावरून." मी सांगितले, शरीर नव्या शिस्तीला सरावते आहे.

वैजयंतीचे जेवणही आपोआप आटोक्यात आले आहे. म्हणते, तोंडात सारखी लोखंडाचा चमचा चाटल्यासारखी चव येते. अर्धी पोळी खाऊन उठते. याला म्हणतात जिभेवर ताबा. मला जे चार महिने साधले नाही, ते तिला बोलता बोलता साधले. किंचित हेवा वाटला, हे प्रामाणिकपणे नमूद करतो.

शनिवार, ५ जुलै

वैजयंतीला घेऊन डॉ. शर्मिलांकडे. अंगाला खाज, पायांना सूज. त्यांनी बोटाने नडगी दाबली. खळगा पडला आणि तसाच राहिला. मग पिवळी फाईल उघडली. फेब्रुवारीचा अहवाल पाहिला. म्हणाल्या, "क्रिएटिनिन एक पॉइंट दोन. काठावर होतं, वाईट नाही. घाबरायचं कारण नाही, पण महिन्याभरात रक्त-लघवी परत करून घ्या. नक्की."

त्या क्षणी मला सांगता आले असते की तो अहवाल माझ्या रक्ताचा आहे. सांगितले नाही. कारणे: (एक) बाहेर अकरा पेशंट होते. (दोन) एकाच घरचे अन्न, एकाच घरचे पाणी, दोघांनाही मधुमेह. तिचे आकडे माझ्या आकड्यांच्या आसपासच असणार. (तीन) डॉक्टरांनी तपासणी लिहून दिलीच आहे, तेव्हा खरा आकडा आपोआप समोर येईल.

वैजयंतीने माझ्याकडे पाहिले होते. तीही काही बोलली नाही.

सोमवार, २८ जुलै

तिची तपासणी या आठवड्यात करायची होती. परंतु माझीही तपासणी करायची आहे, आणि प्रयोगशाळेचा माणूस घरी एकदाच बोलवावा हे सोयीचे. माझा आकडा सध्या चांगला येणार नाही (गटारी, सुकट). दहा दिवस कडक पथ्य पाळून मग दोघांचे रक्त देऊ.

शुक्रवार, ८ ऑगस्ट

पथ्य: दहापैकी तीन दिवस. उद्या राखीपौर्णिमा, नारळीभात. तपासणी गणपतीनंतर.

बुधवार, २७ ऑगस्ट. गणेश चतुर्थी

दीड दिवसाचा गणपती. वैजयंतीने एकवीस मोदक केले. स्वतः एकच घेतला, तोही अर्धा ठेवला. नेहमीच्या हिरव्या बांगड्या हातात गेल्या नाहीत. साबण लावून पाहिला. जयमालावहिनी म्हणाल्या, "वहिनी, अंग आलंय की सूज?" वैजयंती म्हणाली, "यांनी खरकटं खाऊ घालून घालून जाड केलंय मला," आणि दोघी हसल्या. आरतीला उभे राहताना तिने भिंतीचा आधार घेतला. दम लागला होता.

आज आणि उद्या पाहुण्यांच्या गडबडीत गुडघ्याची गोळी घेतली जाणार नाही, असे दिसते. नोंद: दोन दिवस खंड.

मोदक (मी): सात. तपासणी सप्टेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात. आता मात्र पक्के.

मंगळवार, ९ सप्टेंबर. दुपारी ३.१०, वाशी

सकाळी सात वाजता वैजयंती उठली नाही. ती साडेपाचला उठते. हाक मारली. डोळे उघडले, म्हणाली, "चहा टाकते." उठली नाही. पुन्हा म्हणाली, "चहा टाकते." तेच, सहा वेळा. अंग घामाने ओले. साखर तपासली: ३८.

मला वाटले यंत्र बिघडले. दुसऱ्यांदा तपासली: ३६.

जयमालावहिनींनी मला बाजूला ढकलले. बोटाने तिच्या हिरड्यांना साखर चोळली. मी यंत्र हातात धरून उभा होतो.

रुग्णवाहिकेने वाशीच्या हॉस्पिटलमध्ये.

बुधवार, १० सप्टेंबर

क्रिएटिनिन ७.८. हिमोग्लोबिन ७.१.

येथील किडनीचे डॉक्टर शांत बोलतात. म्हणाले, साखर कमी येत होती ती पथ्याने नव्हे. किडनी दमली की मधुमेहाची गोळी शरीरातून बाहेर पडत नाही, आतच राहून साखर पाडत राहते. तोंडाला लोखंडाची चव, खाज, सूज, दम, सगळे त्यातलेच.

१५ जूनची नोंद पुन्हा वाचली. मी तिथे "नोंदवून ठेवण्यासारखा" असे लिहिले आहे.

त्यांनी विचारले, दुखण्याच्या गोळ्या घेत होत्या का. माझ्याकडे तारीखवार यादी होती. १२ फेब्रुवारी ते ८ सप्टेंबर, रोज एक, मधले दोन दिवस वगळून. एकूण २०७. वही दाखवली. ते बराच वेळ पाने उलटत राहिले. म्हणाले, "इतकी चोख नोंद मी कुणाची पाहिली नाही." नेहमी अशा वाक्याने मला बरे वाटते.

मग पिवळी फाईल उघडली. म्हणाले, "फेब्रुवारीत एक पॉइंट दोन आणि आता सात पॉइंट आठ? सात महिन्यांत? मधुमेहाची किडनी एवढ्या वेगाने जात नाही. म्हणजे मध्ये काहीतरी अचानक घडलंय. आणि अचानक झालेलं असेल, तर ते परत फिरवता येण्याची आशा असते." सोनोग्राफीतून नक्की सांगता येत नाही. शुक्रवारी पाठीतून सुई घालून किडनीचा तुकडा काढून तपासणार. मग कदाचित जोरदार औषधे.

आशा. ऋता पुण्याहून आली आहे. हा शब्द ऐकून ती कॉरिडॉरमध्ये रडली. मीही तिच्या पाठीवर हात ठेवून म्हटले, बघ, आशा आहे.

गुरुवार, ११ सप्टेंबर

डॉक्टरांना सांगितले पाहिजे. तोंडी सांगण्यात गफलत होते. लेखी द्यावे.

पहिला मसुदा: "विषय: दि. २ फेब्रुवारी रोजीच्या अहवालाबाबत स्पष्टीकरण." फार कोरडे.

दुसरा मसुदा: प्रयोगशाळेच्या अचूकतेची पडताळणी, दोन नळ्यांची पद्धत, कारणमीमांसा. तीन पाने. कोणी वाचणार नाही.

तिसरा मसुदा: "महोदय, ते रक्त माझे होते."

हा बरोबर आहे. घडी करून शर्टाच्या खिशात ठेवला आहे. उद्या सुई घालण्यापूर्वी देणार. एक विचार मात्र राहून राहून येतो: ही चिठ्ठी दिली की आशा संपते. आणि समजा, सुईच्या तपासणीत खरोखरच काही अचानक झालेले निघाले तर? एक दिवस थांबण्यात तोटा काय?

शुक्रवार, १२ सप्टेंबर. दुपारी १.१५

सकाळी दहा वाजता डॉक्टर आले. ऋता होती, मी होतो. डॉक्टर संमतीपत्रावर सही करायला सांगत होते. सुईचे धोके समजावत होते. रक्तस्राव होऊ शकतो, क्वचित प्रसंगी जास्त. मी खिशात हात घातला.

वैजयंती म्हणाली, "डॉक्टर, एक सांगू का. फेब्रुवारीतलं ते रक्त माझं नव्हतं."

ते म्हणाले, "म्हणजे?"

ती म्हणाली, "मला सुईची फार भीती. आणि मी चहा घेऊन बसले होते. मग यांच्याच मागे लागले, म्हटलं माझ्या कुपनावर तुमचंच देऊन टाका. यांनी नको नको म्हटलं होतं."

तिला सुईची भीती नाही. ती अकरा वर्षे रोज बोट टोचते. त्या दिवशी साडेनऊपर्यंत तिने पाणीसुद्धा घेतले नव्हते.

डॉक्टर आवाज न चढवता तिला रागावले. लहान मुलीला रागावतात तसे. म्हणाले, "बाई, तुमच्या या एका खोटेपणापायी सात महिने वाया गेले. ते कळलं असतं तर गोळ्या बंद केल्या असत्या, काहीतरी वाचवता आलं असतं." ती मान खाली घालून हो, हो म्हणत होती. "चुकलं माझं," म्हणाली.

 माझा हात खिशातच होता.

सुईची तपासणी रद्द. अचानक काही झालेले नाही. बऱ्याच वर्षांचे आहे, गोळ्यांनी वेग दिला. आता डायलिसिस.

शनिवार, १३ सप्टेंबर

तिला विचारले, असे का केलेस. तिने आधी उशी नीट करायला सांगितली. मग म्हणाली, "तुम्हाला कुणी बोललेलं तुम्हाला सहन होत नाही. महिनाभर जेवत नाही तुम्ही. मला काय, सवय आहे."

रविवार, २१ सप्टेंबर

निर्णय. माझी किडनी वैजयंतीला द्यायची. मला दोन आहेत, एक पुरते. रक्तगट दोघांचाही बी पॉझिटिव्ह, लग्नाच्या वेळी पत्रिकेबरोबर तोही पाहिला होता. सर्व कागदपत्रे तीन प्रतींत, साक्षांकित. शस्त्रक्रिया दिवाळीपूर्वी व्हावी, म्हणजे नव्या वर्षी ती घरी. ऑफिसात रजेचा अर्ज तयार. चार महिन्यांचे वेळापत्रक आखले. बऱ्याच दिवसांनी झोप लागेल असे वाटते.

बुधवार, २४ सप्टेंबर

प्रत्यारोपण विभागातल्या बाईंनी फाईल उघडली नाही. विचारले, "तुम्हाला डायबेटिस?" म्हटले, चौदा वर्षे, नियंत्रणात. "लघवीतून प्रोटीन?" थोडे. "युरिक ॲसिड?" सांगितले. त्या म्हणाल्या, "काका, तुमचीच सांभाळा. फॉर्म भरायची गरज नाही."

दोन मिनिटे. तीन प्रती परत आणल्या.

ऋता म्हणाली, मी देते. वैजयंती म्हणाली, "आधी एक नातवंड दे, मग बघू." विषय संपला.

रविवार, १२ ऑक्टोबर

डायलिसिस मंगळवार आणि शुक्रवार. चार तास. तिच्या गळ्याजवळ नळी बसवली आहे.

ऋता आईशी थोडी तुटक वागते असे मला वाटत होते. आईने खोटेपणा केला, म्हणून रागावली असेल, असे मी धरून चाललो. हे योग्य नव्हे. आज वैजयंती झोपल्यावर ऋताला गॅलरीत बोलावले आणि तिसरा मसुदा तिच्या हातात दिला. घड्यांवर शाई पुसट झाली होती.

तिने वाचले. एकच ओळ आहे. मग म्हणाली, "बाबा, मला फेब्रुवारीतच माहीत होतं. त्याच दिवशी आईचा फोन आला होता. सांगत होती, तुझ्या बाबांनी आज रांगेत काय केलं बघ, माझं रक्तसुद्धा त्यांनीच दिलं. नक्कल करून दाखवत होती तुमची. आम्ही दोघी खूप हसलो होतो."

मी म्हटले, मग तू डॉक्टरांना का सांगितले नाहीस.

म्हणाली, "कारण मीही हसले होते, बाबा. कुणाला काय सांगू?"

चिठ्ठी तिने घडीवर घडी घालून परत दिली. म्हणाली, आई तो फोन विसरलेली दिसते, मला आठवतोय हे तिला कळू देऊ नका. तिला वाटतंय तिने तुम्हाला वाचवलं.

तेव्हा घरातील व्यक्ती तीन, आणि तिघांनाही माहीत. फक्त मला वाटत होते की माझ्या खिशात काहीतरी आहे.

शुक्रवार, ३१ ऑक्टोबर. दुपारी २.३०

मुदतीचा दिवस. काल रक्त दिले होते, एकच नळी, माझ्या नावाची. आज अहवाल आला. युरिक ॲसिड ५.८. क्रिएटिनिन १.२.

लक्ष्य साध्य. पद्धत: डॉ. शर्मिलांची फेब्रुवारीतली गोळी, सप्टेंबरपासून. हॉस्पिटलच्या कॉरिडॉरमधले चालणे. जेवण जात नाही. कोणालाही सुचवण्यासारखी पद्धत नाही.

अहवाल निळ्या फाईलमध्ये लावला. पिवळ्या फाईलमधून फेब्रुवारीचा कागद काढून तोही निळ्यात लावला. पिवळ्यात आता तिचे स्वतःचे कागद आहेत. जाड झाली आहे.

दुपारी डायलिसिसहून तिला घरी आणले. सोफ्यावर टेकल्या टेकल्या विचारले, "आज एकतीस ना? किती आलं?" सांगितले. तिला खरोखर आनंद झाला. म्हणाली, "बघा, मी म्हणत होते. तुम्ही ठरवलं की करताच." ऋताने स्वयंपाकघरात जाऊन नळ सोडला, बराच वेळ.

मग जेवायला बसलो. ती पलीकडे, तिचे वेगळे: दोनदा उकळून पाणी फेकून दिलेला बटाटा, बिनमिठाची भाकरी, पाणी मोजून. माझ्या ताटात आमटी उरली, पाऊण वाटी. सवयीने ताट तिच्याकडे सरकवले. तिनेही सवयीने वाटी उचलली.

मग आठवले. तिने वाटी परत माझ्यासमोर ठेवली.

टाकू का, असे विचारले. ती म्हणाली, "नियम तुमचाच आहे ना हो?"

संपवली. थंड झाली होती. मीठ बरोबर होते.